वाइड आयपीस: छोट्यावर वाचवा, मोठ्यावर घाला

आयपीस म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो त्या टोकाची भिंगं. स्वस्तातलं वाइड, म्हणजे रुंद क्षेत्र दाखवणारं, आयपीस घ्यावं की महागडं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कुठल्या मिलिमीटरचं, म्हणजे किती फोकल लेंथचं? माझ्या मते उत्तर तिथंच दडलंय. ६ आणि ९ मिलिमीटरसारखी छोटी, जास्त वर्धनाची आयपीस स्वस्तातली घ्यावीत आणि खुशाल वापरावीत. २० च्या पुढची, कमी वर्धनाची, रुंद आकाश दाखवणारी घेताना मात्र हात आखडता घेऊ नये. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. गुरूचे पट्टे आणि शनीची कडी बघायच्या उत्साहात सगळे पैसे छोट्या आयपीसवर जातात, आणि मोठं म्हणून दुर्बिणीबरोबर आलेलंच वर्षानुवर्षं रेटलं जातं.

मी कशातून बघून हे म्हणतेय ते आधी सांगते. माझी ८ इंची एफ/६ डॉब्सोनियन, म्हणजे हातानं ढकलायची आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास; तो जितका लहान तितका प्रकाशाचा शंकू तीव्र. दुसरी ५ इंची मॅक्सुटोव्ह, पुढे भिंग आणि मागे आरसा असलेली आखूड दुर्बीण, साधारण एफ/१२. आणि आमच्या गटातल्या एका काकांची १२ इंची एफ/५ डॉब, जिच्यासोबत टेलिव्ह्यू कंपनीच्या महागड्या आयपीसची त्यांची पेटी येते. काका पेटीला कुलूप लावतात, पण आयपीस द्यायला कधी नाही म्हणत नाहीत. मला चष्मा आहे आणि त्यात सिलिंड्रिकल नंबर आहे. या नंबराचा विषय पुढे येणारच आहे, कारण आयपीसच्या जाहिरातीत तो कधीच येत नाही.

आधी स्वस्तातली. काळ्या नळीवर सोनेरी पट्टा असलेली ६६ अंशांची आयपीस तुम्ही पाहिली असतील. हे अंश म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी. ६, ९, १५ आणि २० मिलिमीटर अशी चारच येतात आणि डझनभर वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. नाव कुठलंही असो, आत माल बहुधा तोच. या चौघांना लोक एकाच मापानं मोजतात, तिथं गडबड होते. दिसायला ती भावंडं असली तरी आतून दोन वेगळी कुळं आहेत.

६ आणि ९ मध्ये खालच्या टोकाला, नळीच्या अगदी तोंडाशी, एक ऋण भिंगांचा गट असतो. दुर्बिणीकडून येणारा प्रकाशाचा शंकू तो आधी थोडा सैल करतो आणि मग वरच्या भिंगांकडे सोपवतो. म्हणजे आयपीसच्या पोटातच एक छोटं बार्लो, म्हणजे वर्धन वाढवणारं जोडभिंग, बसलेलं आहे म्हणा. एफ/६ चा तीव्र शंकू वरच्या भिंगांपर्यंत पोहोचेतो बराच सौम्य झालेला असतो, त्यामुळे काठावर त्यांची फार ओढाताण होत नाही. शिवाय आय रिलीफही, म्हणजे काचेपासून डोळा ठेवायचं अंतर, वाढतो. प्लॉसल या साध्या जातीच्या आयपीसचा आय रिलीफ त्याच्या फोकल लेंथच्या पाऊण पटीच्या आसपास असतो. ६ मिलिमीटरच्या प्लॉसलमध्ये बुबुळ काचेला चिकटायचंच बाकी राहतं, पापण्यांचं तेल प्रत्येक वेळी काचेवर. ६ मिलिमीटरच्या सोनेरी पट्टेवाल्यात माणसासारखं उभं राहून बघता येतं.

डॉबवाल्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. मोटार नाही, हातानं ढकलायचं. आकाश तासाला १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश सरकतं. माझ्या दुर्बिणीत ६ मिलिमीटरला २०० पट वर्धन (१२०० भागिले ६) मिळतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा गुरू ५० अंशांच्या प्लॉसलमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला साधारण ६० सेकंद घेतो, ६६ अंशांतून ८०, ८२ अंशांतून जवळपास १००. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण दुर्बीण ढकलली की ती आधी थरथरते, ती शांत व्हायला काही सेकंद जातात, मग हवा स्थिर होण्याची वाट पाहायची. त्या साठातले कामाचे सेकंद किती उरले ते तुम्हीच मोजा. त्या वीस जादा सेकंदांत गुरूच्या पट्ट्याच्या कडेची एखादी गाठ किंवा उपग्रहाची सावली दिसून जाते. ६ आणि ९ मध्ये गुरू काठाकडे गेला तरी बराच वेळ गुरूच राहतो, शेवटी जरासा रंग फुटतो इतकंच. या किमतीला यापेक्षा जास्त काय मागायचं?

खोड्या आहेत, नाही असं नाही. डोळा थोडा हलला की काळी सावली येते, विशेषतः चंद्र बघताना. तेजस्वी ग्रह मधोमध असेल तर त्याचं एक पुसट भूतही कधी कधी समोरून चालत जातं. रबरी कप जेमतेमच. तरीही ही दोन मी डोळे झाकून सुचवते.

आता त्याच घरातलं २० मिलिमीटर. यात खालचा तो ऋण गट नाही. एफ/६ चा शंकू थेट साध्या भिंगांवर येऊन आदळतो. मधल्या भागात तारे सुरेख, बारीक, काळ्याभोर पार्श्वभूमीवर. मध्यापासून निम्मं अंतर ओलांडलं की ते सुजायला लागतात आणि काठाशी प्रत्येक तारा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो.

ययातीमधला जोडगुच्छ, एनजीसी ८६९ आणि ८८४, या परीक्षेला अगदी योग्य. दोन गुच्छांची केंद्रं अर्ध्या अंशावर, प्रत्येक गुच्छ सुमारे अर्ध्या अंशाचा, म्हणजे सगळा पसारा साधारण एका अंशाचा. माझ्या डॉबमध्ये २० मिलिमीटरचं प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, १.१ अंशाच्या आसपास. कागदावर मावतो. पण मावतो तो अशा रीतीनं की दोन्ही गुच्छांचे बाहेरचे अर्धे भाग नेमके बिघडलेल्या पट्ट्यात येतात. ८८४ मधले लालसर तारे हे या जोडीचं खरं सौंदर्य. ते मधोमध आणले तर मोती, काठाशी गेले की लाल रेघोट्या. मग आपण नकळत एकेक गुच्छ मधे आणून बघायला लागतो. आणि एकेकच बघायचा तर ६६ अंश कशाला घेतले? म्हणून डब्यावर छापलेले अंश मी मोजत नाही, कामाचे अंश मोजते. एफ/६ मध्ये या २० मिलिमीटरचे कामाचे अंश मला चाळीसच्या आसपास वाटतात. बरा प्लॉसल तेवढे सहज देतो. १५ मिलिमीटरचीही तीच गत.

पण दोष नेहमी आयपीसचाच असतो असंही नाही, आणि हे समजून घेतल्याशिवाय महागडं काही घेऊ नये. चाचणी सोपी आहे. एक ठळक तारा घ्या, मधोमध नीट फोकस करा आणि तसाच काठाशी न्या. बिघडला? आता फक्त फोकसरची चाकी हलवा. पुन्हा टोकदार झाला तर ती क्षेत्राची वक्रता. तरुण डोळा यातलं बरंचसं स्वतःच जुळवून घेतो, चाळिशी लागलेला घेत नाही. फोकस एका बाजूला नेल्यावर ताऱ्याची आडवी रेघ होते आणि दुसऱ्या बाजूला नेल्यावर उभी, तर ते अबिंदुकत्व, आणि त्याचा आरोपी बहुतेक वेळा आयपीस. रेघ नाही, पण ताऱ्याला एका बाजूला पसरत जाणारी शेपटी आहे, टोक मध्याकडे आणि फुलोरा बाहेर, आणि फोकस हलवून ती जातही नाही, तर तो कोमा. तो आरशाचा. जगातलं सर्वांत महाग आयपीस लावलं तरी जाणार नाही. उलट जास्त स्वच्छ दिसेल, कारण त्यावर पांघरूण घालायला दुसरा दोष शिल्लक नसतो.

काकांच्या एफ/५ मध्ये एकदा मी नॅगलर या टेलिव्ह्यूच्या ३१ मिलिमीटर आयपीसमधून बघताना म्हटलं, "काका, एवढं महागाचं आयपीस आणि काठावर तारे फिसकटतायत की."

"अगं, त्याला नको बोल लावूस. आरसा आहे तो. थांब, पॅराकॉर लावतो."

लावला, आणि काठापर्यंत सगळे तारे गुमान टोकदार झाले. पॅराकॉर म्हणजे टेलिव्ह्यूचा कोमा करेक्टर. तो वर्धन १.१५ पट वाढवतो आणि स्वतःच एका चांगल्या आयपीसएवढा खर्च मागतो. फोकसमधल्या त्याच जागी कोमाचा डाग एफ-रेशोच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे एफ/६ पेक्षा एफ/४ मध्ये सव्वादोन पट. एफ/६ ला मी करेक्टरशिवाय सुखी आहे. एफ/५ ला ज्याचं त्यानं ठरवावं. एफ/४ ची डॉब घेणाऱ्यानं करेक्टरचे पैसे दुर्बिणीच्याच किमतीत धरावेत आणि मग आयपीसकडे वळावं.

याची दुसरी बाजू कंजूष माणसाला आवडण्याजोगी आहे. तेच २० मिलिमीटर मी मॅक्सुटोव्हला लावलं तर? एफ/१२ चा शंकू इतका निमुळता की बिचाऱ्याला बिघडायला वावच नाही. काठापर्यंत तारे तारेच. डॉबमध्येही ते दोन पट बार्लोवर बसवलं की एफ/१२ सारखं वागतं आणि १० मिलिमीटरचं छान आयपीस होऊन बसतं. तेव्हा एफ/१० चा श्मिट-कॅसेग्रेन किंवा मॅक्सुटोव्ह असणाऱ्यांनी हे परीक्षण इथंच थांबवून स्वस्तातली घ्यावीत. तुमच्या दुर्बिणीत महागड्याचा काठ कुठे सुरू होतो ते शोधायला भिंग लागेल.

राहिले आम्ही, एफ/६ आणि खालचे.

इथं मधली फळी आहे आणि मला वाटतं बहुतेकांनी तिथंच थांबावं. एक्स्प्लोअर सायंटिफिकचं ६८ अंशांचं २४ मिलिमीटर घ्या, आणि त्याच्या समोर टेलिव्ह्यूचं पॅनॉप्टिक, तेही ६८ अंश आणि २४ मिलिमीटर. सव्वा इंची नळीत जेवढं मोठं आकाश दाखवता येतं तेवढं ही दोन्ही दाखवतात. त्या नळीचा बाहेरचा व्यास ३१.७ मिलिमीटर, आत फील्ड स्टॉप, म्हणजे क्षेत्राचा काठ ठरवणारं कडं, फार तर २७ मिलिमीटरचा बसतो. तो २७ भागिले दुर्बिणीची फोकल लेंथ, गुणिले ५७.३, की प्रत्यक्ष क्षेत्र मिळालं. माझ्याकडे १.२९ अंश. गंमत म्हणजे ३२ मिलिमीटरच्या साध्या प्लॉसलचा फील्ड स्टॉपही साधारण तेवढाच असतो, म्हणजे आकाशाचा तुकडा तोच. मग जादा पैसे कशाचे? ३२ मिलिमीटरला वर्धन ३७ पट आणि एक्झिट प्युपिल (आयपीसमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी) ५.३ मिलिमीटर, २४ ला ५० पट आणि ४ मिलिमीटर. तोच तुकडा जवळ येतो आणि पार्श्वभूमीचा उजेड निम्म्याच्या जवळ खाली उतरतो. शहराच्या कडेच्या राखाडी आकाशात हा फरक कुणालाही सांगावा लागत नाही. जोडगुच्छाभोवती थोडी रिकामी जागा उरते, आणि तशी जागा असल्याशिवाय गुच्छ गुच्छ वाटतच नाही.

दोन्ही आलटून पालटून लावली. पॅनॉप्टिक काठाशी थोडं जास्त नीटस, बांधणी आटोपशीर, वजन पाव किलोच्या आत. एक्स्प्लोअर सायंटिफिक जरा जाडजूड. ताऱ्यांच्या बाबतीत एफ/६ ला मला जो फरक दिसला तो शोधूनच दिसला, आपणहून नाही. मी एक्स्प्लोअर सायंटिफिकचं ठेवलं. दोन आयपीस लावून दोन्ही डोळ्यांनी बघायचा बायनोव्ह्यूअर असेल तर पॅनॉप्टिकची सडपातळ बांधणी कामाची आहे. तेव्हा जोडी घ्या आणि खिशाची माफी मागा.

पॅनॉप्टिकच्या मागे जी मंडळी आहेत त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण हा सगळा बाजार त्यांच्यामुळे आहे. अल नॅगलर अपोलो मोहिमांच्या काळात चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या प्रशिक्षणासाठीच्या सिम्युलेटरच्या प्रकाशयंत्रणेवर काम करत होते. अंतराळवीराला खिडकीतून रुंद दृश्य दिसलं पाहिजे, ही तिथली अडचण. १९७७ मध्ये त्यांनी टेलिव्ह्यू सुरू केली आणि पुढे ८२ अंशांचं नॅगलर आणलं. त्यातही खाली ऋण गटच होता. २००७ मध्ये १०० अंशांचं १३ मिलिमीटर ईथॉस आलं. आज सोनेरी पट्ट्याचं जे ६ मिलिमीटर किरकोळीत मिळतं, त्याच्या पोटातली युक्ती याच वाटेनं आलेली आहे.

दोन इंची नळी असेल तर पुढची पायरी ३० मिलिमीटर, ७० अंश. एपीएमचं अल्ट्रा फ्लॅट फील्ड नावाचं आयपीस इथं माझं सर्वांत आवडतं. माझ्या डॉबमध्ये ४० पट, सुमारे पावणेदोन अंश आकाश, एक्झिट प्युपिल ५ मिलिमीटर. कृत्तिकांचे सगळे मुख्य तारे सैलपणे मावतात. नाव सार्थ आहे, काठाशी पुन्हा फोकस करावा लागत नाही. याउलट दोन इंची, ७० अंशी, ३८ मिलिमीटरची स्वस्त मंडळी एफ/६ ला घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. निम्म्या क्षेत्रात पक्ष्यांचा थवा बघायला मिळतो, आणि ६ मिलिमीटरहून मोठं एक्झिट प्युपिल वयानं आक्रसलेल्या डोळ्यात पूर्ण शिरतही नाही.

काकांचं ३१ मिलिमीटर नॅगलर याहून भारी आहेच. ८२ अंश, आणि एफ/५ मध्ये हंस तारकासमूहातल्या व्हेल (Veil) तेजोमेघाची पूर्वेकडची कमान ऑक्सिजन-३ फिल्टर (तेजोमेघाचाच प्रकाश सोडणारा) लावून एका नजरेत, टोकापासून टोकापर्यंत. ते दृश्य मी पुन्हा पुन्हा मागून घेते. पण त्याचं वजन एक किलोच्या घरात आहे. माझ्या ८ इंचीच्या तोंडाशी ते लावलं की नळी मान टाकते, मग मागे चुंबक चिकटवा, स्प्रिंग ताणा. दोन इंची फिल्टरचा खर्च वेगळा.

आणि १०० अंश? इथं माझं काकांशी पटत नाही. त्यांच्या मते एकदा ईथॉसमधून बघितलं की मागे फिरता येत नाही. मी बघितलंय आणि फिरलेय. १३ मिलिमीटर ईथॉस माझ्या डॉबमध्ये ९२ पटीला एक अंशाहून जरा जास्त आकाश दाखवतं, काठापर्यंत चोख. धनू राशीतला एम २२ हा तारकागुच्छ त्यात टाकला की आजूबाजूचं आकाशगंगेचं दाट तारांगणही सोबत येतं, हे खरंच. पण काठ बघायला बुबुळ फिरवावं लागतं, कधी मानही. चष्मा लावून तर तो पूर्ण काठ मला दिसतच नाही. जे मला दिसत नाही त्याचे पैसे मी का भरू? तेवढ्या पैशांत बरी ८ इंची डॉब येते.

तर चष्मा. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवा, संपलं. सिलिंड्रिकल नंबर फोकसनं जात नाही. मोठ्या एक्झिट प्युपिलला तो ताऱ्यांना शिंगं फोडतो, आणि ती शिंगं क्षेत्राच्या मधोमधही दिसतात. आयपीसच्या अबिंदुकत्वापासून हे असं ओळखायचं: मान तिरकी करा, शिंगं मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. एक्झिट प्युपिल दीड मिलिमीटरवर किंवा त्याखाली गेलं की माझा हा त्रास जवळजवळ संपतो. म्हणून ९ आणि ६ मिलिमीटर मी चष्म्याशिवाय वापरते आणि स्वस्तातली मला पुरतात. २४, ३० ला चष्मा हवाच, आणि चष्म्याला साधारण २० मिलिमीटर आय रिलीफ हवा. ३० मिलिमीटरचं एपीएम तिथं सांभाळून घेतं. मधल्या फोकल लेंथला बाडरचं मॉर्फियस, ७६ अंश, किंवा पेंटॅक्स एक्सडब्ल्यू, ७० अंश, चष्मेवाल्यांनी आधी बघावीत. ८२ अंशांच्या नॅगलर टाइप ६ चा आय रिलीफ १२ मिलिमीटर, म्हणजे आमच्यासाठी खिडकी उघडी पण जाळी लावलेली. टेलिव्ह्यू डायऑप्ट्रिक्स नावाचं सिलिंडर दुरुस्त करणारं भिंग विकतं, ते त्यांच्या ठरावीक आयपीसच्या डोक्यावर बसतं. काकांना ते लागत नाही, म्हणून मला अजून वापरून बघता आलेलं नाही.

महागड्या मालाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ती विकली जातात. चांगलं राखलेलं पॅनॉप्टिक किंवा नॅगलर जुन्या बाजारात पटकन आणि बऱ्या भावात जातं, सोनेरी पट्टेवाल्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे महागडं घ्यायचंच असेल तर मी जुनंच घ्या म्हणेन. घेताना खालच्या टोकातून टॉर्च मारून वरून तिरकं बघा. धुळीचे कण दिसतील, ते सोडून द्या, त्यांनी काही फरक पडत नाही. काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. वरच्या काचेवर मध्यभागी गोल गोल पुसल्याचे ओरखडे असतील तर भाव पाडून मागा. आणि नळीचे स्क्रू, वरचा कप, दोन्हीकडची झाकणं हाताखालून घाला, कारण ती नंतर सुटी मिळवायला फार यातायात पडते.